निशाणी नांगर ते ओटीपी: बिनपासवर्डच्या सहीची गोष्ट

ज्यांना ऐकण्यापेक्षा वाचणं सोयीचं पडतं, त्यांच्यासाठी हा या भागाचा लिखित मजकूर. आजचा विषय आहे सही. पेनाने करतो ती नव्हे, तर डीमॅट खातं उघडताना किंवा मोबाईलवर कर्ज घेताना आधारचा ओटीपी टाकून आपण करतो ती. पासवर्ड नाही, कागद नाही, मिनिटभरात काम संपतं. मला प्रश्न पडला, की याला सही म्हणायचं ते कशाच्या जोरावर?

त्यासाठी थोडं मागे जाऊ. शिवाजी महाराजांच्या पत्रात वरती राजमुद्रा असते आणि मजकूर संपला की खाली 'मर्यादेयं विराजते' ही छोटी मुद्रा. म्हणजे लेखनाची सीमा इथे संपली. या मुद्रेखाली कुणी एक ओळ घुसडली, तर ती लगेच उघडी पडणार. सहीची दोन कामं इथेच दिसतात: मजकूर कुणाचा ते सांगणं, आणि तो नंतर बदललेला नाही याची खात्री देणं.

ज्याला लिहिता येत नव्हतं, तो काय करायचा? जुन्या मराठी कागदांत शेतकऱ्याच्या नावापुढे 'निशाणी नांगर' असतं आणि तिथे चिमुकला नांगर काढलेला असतो. पुढे नांगराच्या जागी अंगठा आला. त्याची एक सुरुवात बंगालमधली. १८५८ साली जंगीपूर इथे विल्यम हर्शेल या इंग्रज अधिकाऱ्याने राज्यधर कोनाई नावाच्या कंत्राटदाराच्या तळहाताला शाई लावून करारावर ठसा घेतला. हेतू एवढाच, की उद्या 'ही सही माझी नव्हेच' असं म्हणायची त्याची हिंमत होऊ नये.

या सगळ्यात पासवर्ड कुठेच नाही. तो आला १९६०च्या दशकाच्या सुरुवातीला, अमेरिकेतल्या एमआयटीमध्ये. एकच कॉम्प्युटर अनेकांनी वापरायचा, म्हणून प्रत्येकाच्या फायली वेगळ्या ठेवायला फर्नांडो कोर्बाटो यांच्या गटाने पासवर्ड दिले. १९६२ मध्ये ॲलन शेर या विद्यार्थ्याने कॉम्प्युटरवर जास्त वेळ मिळावा म्हणून पासवर्डची अख्खी यादीच छापून घेतली! गुपित दोघांना माहीत असलं, की ते फुटू शकतं. पासवर्डचं हे दुखणं जन्मापासूनचं.

उपाय निघाला १९७६ मध्ये. व्हिटफिल्ड डिफी आणि मार्टिन हेलमन यांनी दोन किल्ल्यांची कल्पना मांडली, आणि पुढच्याच वर्षी रिव्हेस्ट, शमीर, ॲडलमन या तिघांनी ती गणितात बसवून दाखवली. एक किल्ली फक्त माझ्याकडे, दुसरी जगजाहीर. कागदपत्रातून गणिताने एक छोटा ठसा काढायचा. एक स्वल्पविराम बदलला तरी ठसा बदलतो. त्या ठशावर माझ्या खासगी किल्लीने सही करायची, आणि जाहीर किल्लीने ती कुणीही तपासायची. 'मर्यादेयं विराजते'चं काम आता गणित करू लागलं.

भारतात या सहीला माहिती तंत्रज्ञान कायद्याने मान्यता दिली. कायदा लागू झाला १७ ऑक्टोबर २००० रोजी. पण किल्ली असायची यूएसबी टोकनमध्ये. ते विकत घ्या, सांभाळा, त्याचा पिन लक्षात ठेवा. सीए, कंपन्यांचे संचालक, टेंडर भरणारे, यांच्यापलीकडे ते फारसं गेलंच नाही. मग २०१५ मध्ये ईसाइन आलं. तुम्ही ओटीपी टाकता किंवा बोट ठेवता, आधारवरून ओळख पटते, आणि त्याच क्षणी तुमच्या नावाने किल्ली तयार होते. ती एकदाच सही करते आणि नष्ट केली जाते. म्हणजे ओटीपी ही सही नाही. ओटीपी म्हणजे सही करायला दिलेला होकार.

आता पासकी आल्या आहेत. २०२२ मध्ये ॲपल, गूगल आणि मायक्रोसॉफ्ट यांनी मिळून त्यांना पाठिंबा जाहीर केला. यात खासगी किल्ली ज्या साइटसाठी बनली तिथेच चालते, त्यामुळे नकली साइटवर ती उपयोगाची नाही. ओटीपी मात्र फोनवर गोड बोलून कुणीही काढून घेऊ शकतो.

पण मंडळी, मला खरी काळजी वेगळ्याच गोष्टीची वाटते. १२ मे १८७५. पुणे जिल्ह्यातलं सुपे. कर्जात बुडालेल्या शेतकऱ्यांनी सावकारांची घरं-दुकानं गाठली आणि कर्जरोखे जाळले. हेच दख्खनचे दंगे. त्या रोख्यांवरची निशाणी अनेकदा खरीच होती. निशाणी करणाऱ्याला वर काय लिहिलंय ते वाचता येत नव्हतं, ही खरी गोम होती. म्हणून १८७९च्या दख्खन शेतकरी कायद्याने गावोगावी निबंधक नेमायची सोय केली. शेतकऱ्याचा दस्तऐवज त्याच्यासमोर व्हावा, आणि कशावर निशाणी करतोय ते शेतकऱ्याला समजावं, हा उद्देश.

'हा माणूस कोण' या प्रश्नाचं उत्तर आपण नांगरापासून पासकीपर्यंत सुधारत आणलं. 'याला कळलंय का' हा प्रश्न मात्र सुप्यात होता तिथेच उभा आहे. चाळीस पानांची इंग्रजी पीडीएफ, खाली 'आय ॲग्री', आणि समोरचा म्हणतोय, "काका, आलेला नंबर सांगा फक्त." काकांना वाटतं, नंबरच तर सांगतोय. खरं तर ते अंगठा देत असतात. फोनवर मजकूर समजावून सांगणारा गावनिबंधक नाही. घरात ते काम आता तुमचं-माझं.

तेव्हा आजीचा, काकांचा फोन हातात आला, तर ओटीपी सांगण्याआधी दोन मिनिटं थांबा. रक्कम, व्याज, मुदत मोठ्याने मराठीत वाचून दाखवा, आणि सही झालेली पीडीएफ त्यांच्याच फोनमध्ये ठेवून द्या. भेटू पुढच्या भागात!