बंब, गीझर आणि भिंतीतलं भोक

थंडी हा आम्हा कल्याण-डोंबिवलीकरांच्या अभिमानाचा विषय आहे. ठाणेकरांना खाडीची दमट हवा, मुंबईकरांना समुद्राची. थंडी खरी ती पारसिकच्या बोगद्यापलीकडे, असं आम्ही दर डिसेंबरात मफलर गुंडाळून लोकलमध्ये सांगतो. २२ जानेवारी १९६२ रोजी सांताक्रूझला पारा ७.४ अंशांवर उतरला होता. हा विक्रम मुंबईचा, पण "मग कल्याणला काय झालं असेल!" असं म्हणून आम्ही तोही आमच्याच खात्यात जमा करून टाकला आहे.

एवढा अभिमान असून थंडीसाठी घर मात्र कुणी बांधलं नाही. बांधलं ते पावसासाठी. जुन्या वाड्यांच्या मातीच्या जाड भिंती ऊब धरायच्या खऱ्या, पण वर कौलं. १८६५ साली बाझल मिशनने मंगळूरला कौलांचा कारखाना काढला आणि पुढे ती कौलं कोकणभर चढली. त्यांच्या फटींतून चुलीचा धूर जायचा आणि पहाटेचा वारा यायचा. थंड देशांत लोक भिंतीच्या आत लोकर भरतात. आपण ती कानाला गुंडाळतो.

उरलेली थंडी बंबावर सोपवलेली असे. तांब्याचा, पोटातून धुराची नळी गेलेला हा गृहस्थ परसदारी बसे. त्याला ढलप्या, गोवऱ्या, करवंट्या काहीही चाले. (घर पेटलं की विझवायला येतो तोही बंबच! मराठी भाषेने आग लावणारा आणि विझवणारा एकाच नावावर घातला आहे. संयुक्त खातं म्हणतात ते हेच.) माझी आजी बंब न्हाणीघरात आणू देत नसे. "विस्तव उघड्यावर, माणूस आडोशाला," एवढंच तिचं शास्त्र होतं.

पुढे वाडे पाडून ब्लॉक झाले. परसदार गेलं, न्हाणीघराचं बाथरूम झालं आणि गॅसच्या गीझरबरोबर विस्तव आडोशाला आला. गीझर हे नाव मूळ आइसलंडमधल्या उकळत्या झऱ्याचं. ते यंत्राला दिलं लंडनच्या बेंजामिन वॅडी मॉन या रंगकाम करणाऱ्या माणसाने, १८६८ साली. त्याच्या गीझरला धूर बाहेर न्यायला नळीच नव्हती. म्हणजे आमचा परसदारचा बंब त्या बाबतीत विलायतेच्या पुढे होता!

१९७० साली निघालेल्या राष्ट्रीय इमारत संहितेने बाथरूमला बाहेरच्या हवेकडे उघडणारी खिडकी किंवा झरोका सांगितला. आम्ही तो जानेवारीत वर्तमानपत्र कोंबून बंद करतो. मी वाणिज्य शाखेचा. विज्ञान मला आवक-जावक नोंदवहीइतकंच कळतं. पण हिशेब सोपा आहे. वाफेची आवक चालू आणि जावक बंद, की ती गार भिंतीवर पाणी होऊन बसते आणि आठवड्याभरात काळी बुरशी धरते. बुरशी परवडली. बंद खोलीत गॅस जळू लागला की प्राणवायू संपत जातो आणि कार्बन मोनॉक्साइड तयार होतो. त्याला वास नाही, रंग नाही. रक्तातल्या हिमोग्लोबिनला तो प्राणवायूपेक्षा दोनशेपट जास्त जोराने चिकटतो. माणसाला वाटतं, गरम पाण्याने जरा गुंगी आली. आतून कडी असते. बाहेरचे म्हणतात, आज रविवार आहे, करू दे सावकाश आंघोळ. अशी माणसं गेल्याच्या बातम्या आपण वाचतो आणि तोच कागद जाळीत कोंबतो.

आमच्या खालच्या मजल्यावरच्या काकांना दोन हिवाळे हेच सांगत होतो. "थंडी वाजते हो," हे त्यांचं एकच उत्तर. शेवटी नातवाला आंघोळीत चक्कर आली, दार धडपडत उघडून तो बाहेर आला म्हणून वाचला. त्याच संध्याकाळी काकांनी गीझर बाहेरच्या गॅलरीत हलवायला माणूस बोलावला आणि स्टुलावर चढून मी जाळी मोकळी केली. आतून अर्थसंकल्पाचा एक जुना अंक निघाला. स्टुलावर उभ्याउभ्याच वाचून काढला. त्यातली प्राप्तिकराची सवलत केव्हाच बंद झाली होती.