मांडणीनें मिळालेला वेग

संगणकयंत्राला एक लहानशी आज्ञा लिहून द्यावी आणि त्यानें एखाद्या कप्प्यांतील सर्व फायलींची यादी क्षणांत पुढें ठेवावी, याचें आज कोणास नवल वाटत नाहीं. परंतु हा वेग सहजासहजीं आलेला नाहीं.

इ. स. १९६९ मध्यें अमेरिकेंतील बेल प्रयोगशाळेंत केन थॉम्प्सन व डेनिस रिची यांनीं 'युनिक्स' या यंत्रव्यवस्थेचा पाया घातला. तिच्यांत प्रत्येक फाईलची एक नोंद असे. फाईल कोणाची, केवढी आणि तिचा मजकूर चुंबकीय तबकडीवर कोठें आहे, हें त्या नोंदींत लिहिलेलें असे. १५० मेगाबाइटांच्या तबकडीवर आरंभींच्या ४ मेगाबाइटांत सगळ्या नोंदी आणि उरलेल्या १४६ मेगाबाइटांत सगळा मजकूर, अशी वांटणी होती. ज्याची सूचि दाराशीं आणि पुस्तकें दूरच्या दालनांत आहेत, अशा ग्रंथालयाची श्रोत्यांनीं कल्पना करावी. तेथील ग्रंथपालाप्रमाणें तबकडी वाचणाऱ्या दांडीस सतत येरझारा घालाव्या लागत. मजकुराचे खंडही अवघे ५१२ बाइटांचे होते.

कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या बर्कली येथील शाखेंत खंड १०२४ बाइटांचे केले, तेव्हां वेग दुपटीहून अधिक झाला. तरीही तबकडीच्या सामर्थ्यापैकीं शेंकडा ४ एवढेंच कामीं येई. शिवाय रिकाम्या जागांची यादी वापरानें विसकटत जाई. आरंभीं सेकंदाला १७५ किलोबाइट वाचणारी व्यवस्था कांहीं आठवड्यांत ३० वर येई.

खंड आणखी मोठे करावे, तर लहान फायलींत जागा फुकट जाते. सरसकट ४०९६ बाइटांचे खंड घेतल्यास शेंकडा ४५ हून अधिक जागा वायां जाते, असें मोजणींत दिसलें. वेग घ्यावा कीं जागा राखावी, असा हा पेंच होता.

मॅक्क्युसिक, जॉय, लेफ्लर व फॅब्री या चौघांनीं तो सोडविला. खंड मोठे केले, पण लहान फायलींसाठीं एका खंडाचे तुकडे पाडण्याची सोय ठेविली. तबकडीचे लगतच्या वर्तुळांचे गट पाडून प्रत्येक गटांत नोंदी व मजकूर शेजारीं शेजारीं ठेविले, आणि एका कप्प्यांतील फायलींच्या नोंदी शक्यतों एकाच गटांत आणल्या. ही व्यवस्था १९८३ सालीं बाहेर पडली व तिजवरील निबंध १९८४ सालीं प्रसिद्ध झाला. तबकडीचें सामर्थ्य शेंकडा ४७ पर्यंत उपयोगीं पडूं लागलें. यादी मागणाऱ्या आज्ञेला नोंदींसाठीं तबकडीकडे ज्या खेपा घालाव्या लागत, त्या पुष्कळ उपकप्पे असलेल्या मोठ्या कप्प्यांत निम्म्यावर आणि केवळ फायली असलेल्या कप्प्यांत एकअष्टमांशावर आल्या.

मात्र या वेगाचें मोल द्यावें लागलें. सुमारें शेंकडा १० जागा नेहमीं मोकळी ठेवावी लागे. ती भरली कीं जवळची जागा सांपडेनाशी होऊन वेग घटे.

आज पुष्कळ यंत्रांत फिरणारी तबकडीच उरलेली नाहीं. तथापि जें एकत्र मागितलें जाणार, तें एकत्र ठेवावें आणि त्यासाठीं थोडी जागा मोकळी राखावी, हा धडा जुना झालेला नाहीं. हात चपळ असून भागत नाहीं. वस्तू जागच्या जागीं असाव्या लागतात.