एक लाख शाळांचा आकडा

१८३५ साली कलकत्त्यात सादर झालेल्या एका सरकारी अहवालात एक विधान होते : बंगाल आणि बिहारमध्ये मिळून सुमारे एक लाख गावशाळा असाव्यात. पुढे हा आकडा भाषणांत गेला, वादांत गेला आणि आज तो मोबाइलवरच्या संदेशांतून फिरतो आहे. काहींच्या मते तो इंग्रजपूर्व सुवर्णयुगाचा पुरावा, तर काहींच्या मते शुद्ध दंतकथा. तो मुळात कागदावर उतरला कसा, त्याचा हा धागा.

प्रारंभ मद्रासपासून करावा लागतो. २५ जून १८२२ रोजी गव्हर्नर थॉमस मन्रो याने जिल्हाधिकाऱ्यांना आज्ञा केली की, आपापल्या जिल्ह्यातील शाळांची गणती करून पाठवावी. सोबत एक तक्ता जोडला होता. त्यात ब्राह्मण, वैश्य, शूद्र, 'इतर सर्व जाती' आणि मुसलमान असे रकाने होते. मुलगे व मुली वेगळ्या मोजायच्या होत्या. हिंदुस्थानातील शिक्षणाची इतकी पद्धतशीर मोजणी कंपनी सरकारने तोवर केली नव्हती.

उत्तरे यायला बराच काळ लागला. कानडा जिल्ह्याच्या अधिकाऱ्याने तर तक्ता भरलाच नाही. शिक्षण ही तेथे खासगी बाब असून मोजणीत वेळ फार जाईल, असे त्याचे म्हणणे होते. उलट बेल्लारीच्या कॅम्पबेलने १८२३ मध्ये ५३३ शाळा आणि ६,६४१ विद्यार्थी कळवले आणि संख्येच्या पुढे जाऊन लिहिले. विलायती कापडामुळे देशी विणकर बुडाले, प्रजा दरिद्री झाली आणि अनेक घरांना मुलांची शाळा परवडेनाशी झाली, हे त्याने स्पष्ट नोंदवले. याच कॅम्पबेलची दुसरी तक्रार मात्र क्वचितच उद्धृत होते : मुले ग्रांथिक भाषेतील पद्ये घडाघडा म्हणतात, पण त्यांचा अर्थ त्यांना कळत नाही. मूल शाळेत आहे की नाही हा एक प्रश्न, आणि ते काय शिकले हा दुसरा. दोन्ही एकाच अहवालात शेजारी शेजारी आहेत.

१० मार्च १८२६ रोजी मन्रोने बेरीज मांडली : १२,४९८ शाळा व पाठशाळा, १,८८,६५० विद्यार्थी, लोकसंख्या १,२८,५०,९४१. म्हणजे ढोबळमानाने हजार माणसांमागे एक शाळा. त्याने शाळेचे वय ५ ते १० धरले आणि त्या वयाचे मुलगे सुमारे ७,१३,००० ठरवले. शाळेत जाणारे मुलगे होते १,८४,११०. म्हणजे चारांतील एक. पण एवढ्यावर त्याचे समाधान झाले नाही. मद्रास शहराच्या विवरणात घरी शिकणाऱ्या मुलांची संख्या शाळेत जाणाऱ्यांच्या पाचपट दिसत होती. हा आकडा फुगलेला असावा असे त्याला स्वतःलाच वाटले. तरीही घरच्या शिक्षणाचा विचार करून त्याने आपला अंदाज चौथ्या हिश्शावरून तिसऱ्या हिश्शाकडे सरकवला.

मुंबई इलाख्यातही याच दशकात चौकशी झाली. १८२१ मध्ये गव्हर्नरच्या कौन्सिलातील प्रेंडरगास्ट याने लिहिले की, शाळा नाही असे गाव आपल्या मुलखात क्वचितच सापडेल. दशकाच्या अखेरीस मात्र विवरणपत्रांत भरल्या सुमारे १,७०० शाळा आणि सुमारे ३५,००० विद्यार्थी, तेही सत्तेचाळीस लाखांच्या आसपास वस्तीत. धूळपाटीवर अक्षरे गिरवून घेणारा, मोडी वाचायला शिकवणारा पंतोजी कोणाच्या पडवीत बसला, तर ती 'शाळा' धरायची का? या प्रश्नाचे उत्तर प्रत्येक कचेरीत वेगळे असणार. ही कागदपत्रे विसाव्या शतकात रा. वि. परुळेकर यांनी संपादित करून प्रसिद्ध केली. मराठी माणसाच्या या कामाची आठवण आपल्याकडे फारशी काढली जात नाही.

आता बंगाल. विल्यम अ‍ॅडम हा स्कॉटिश गृहस्थ १८१८ मध्ये बाप्टिस्ट मिशनरी म्हणून हिंदुस्थानात आला आणि राममोहन रॉय यांच्याशी चर्चा करता करता त्रैक्याचा सिद्धान्तच सोडून बसला. 'आदमचे दुसरे पतन' अशी त्याची कलकत्त्यात थट्टा झाली. जानेवारी १८३५ मध्ये बेंटिंकने देशी शिक्षणाची पाहणी त्याच्याकडे सोपवली. फेब्रुवारीत मेकॉलेचे टिपण आले आणि ७ मार्चला इंग्रजी शिक्षणाचा ठराव झाला. अ‍ॅडमचा पहिला अहवाल मात्र १ जुलैचा. गणती हाती येण्यापूर्वीच निर्णय होऊन गेला होता.

एक लाखाचा आकडा या पहिल्या अहवालात आहे, आणि हा अहवाल अ‍ॅडमने गावोगाव फिरून लिहिलेला नाही. उपलब्ध कागदपत्रांवरून त्याने तो सिद्ध केला. शिक्षण समितीच्या एका सदस्याने अंदाज केला होता की, प्रत्येक गावशाळेला महिना एक रुपया द्यायचा तर वर्षाला बारा लाखांच्या आसपास खर्च येईल. एका शाळेला वर्षाचे बारा रुपये. म्हणून शाळा एक लाख. चार कोटी लोकसंख्या धरली की चारशे माणसांमागे एक शाळा. ज्यावरून शतकभर वाद पेटला, तो आकडा खर्चाच्या अंदाजाला बाराने भागून निघालेला आहे.

खरी मोजणी दुसऱ्या अहवालात आली. राजशाही जिल्ह्यातील नाटोर ठाण्याची ४८५ गावे, १,९५,२९६ माणसे. प्राथमिक शाळा निघाल्या अवघ्या २७ आणि विद्यार्थी २६२. पण अ‍ॅडम तिथे थांबला नाही. २३८ गावांतील १,५८८ कुटुंबे मुलांना घरीच शिकवत होती आणि अशी मुले होती २,३८२, म्हणजे शाळेतल्यांच्या नऊपट.

आता गणित करून पाहा. फक्त शाळा धरल्या तर ७,२०० हून अधिक माणसांमागे एक. शिकवणारे प्रत्येक घर 'शाळा' मानले तर १२० माणसांमागे एक. मग चारशेमागे एक हा दावा खोटा की कमीच? एकाच ठाण्याच्या, एकाच माणसाने जमवलेल्या माहितीतून दोन्ही उत्तरे निघतात. शिवाय त्या घरांत सरासरी दीडच मूल शिकत होते, हे 'घर म्हणजे शाळा' म्हणणाऱ्यांनी विसरू नये.

मुलींचा रकाना नाटोरमध्ये जवळजवळ रिकामाच. लिहायला-वाचायला शिकलेली मुलगी विधवा होते, अशी समजूत अ‍ॅडमने नोंदवली आहे. जमीनदारांच्या घरांत मालमत्तेच्या काळजीपोटी एखादीला गुपचूप शिकवत, एवढेच.

१८३८ च्या तिसऱ्या अहवालात त्याने ५ ते १४ हे वय धरले. बर्दवानमधील काल्ना ठाण्यात सुमारे १६ टक्के मुले शिकत होती, तर तिरहुतमधील भवारा ठाण्यात अडीच टक्क्यांच्या आसपास. या टक्केवारीची मन्रोच्या 'तिसऱ्या हिश्शा'शी थेट तुलना होऊच शकत नाही, कारण छेदच वेगळा आहे. तरी ती तुलना आजही सर्रास होते. देशी शाळांच्या पायावरच नवी व्यवस्था उभारावी, ही अ‍ॅडमची शिफारस समितीने फेटाळली.

२० ऑक्टोबर १९३१ रोजी लंडनमध्ये चॅटम हाउस येथे गांधीजी म्हणाले की, पन्नास-शंभर वर्षांपूर्वीच्या तुलनेत हिंदुस्थान आज अधिक निरक्षर आहे. श्रोत्यांत सर फिलिप हार्टोग होते : ढाका विद्यापीठाचे माजी कुलगुरू आणि १९२९ च्या शिक्षण अहवालाचे प्रमुख. त्यांनी पुरावा मागितला. गांधीजींनी 'यंग इंडिया'तील जुन्या लेखांचा हवाला दिला. पुढे १९३२ च्या प्रारंभी ते येरवड्याच्या तुरुंगात गेले आणि हार्टोग यांना सविस्तर उत्तर लिहिले ते के. टी. शहा यांनी. हार्टोग यांनी १९३५ च्या आपल्या व्याख्यानांत एक लाख शाळांना दंतकथा ठरवले. एक लाखाबद्दलचा त्यांचा संशय रास्त होता. पण घरच्या शिक्षणाला त्यांनी जवळजवळ शून्य किंमत दिली, आणि तिथे त्यांचा युक्तिवाद लंगडा पडतो.

१९८३ मध्ये धर्मपाल यांनी मद्रासची मूळ विवरणे 'द ब्यूटिफुल ट्री' या ग्रंथात छापली आणि वाद पुन्हा उसळला. तमिळ जिल्ह्यांत बहुसंख्य विद्यार्थी 'शूद्र' रकान्यात होते, ही त्यातील सर्वांत गाजलेली गोष्ट. ती खरी आहे. पण याच रकान्यात जमीनदार वेल्लाळही बसतात आणि शेतमजूरही. १८२२ च्या कारकुनाने त्यांत भेद केला नाही. मलबारमध्ये मात्र मुसलमान मुलग्यांची संख्या ३,१९६ आणि मुलींची १,१२२ दिसते, जी त्या काळी इतरत्र कुठे शोधूनही सापडत नाही. कानड्याची ओळ त्या तक्त्यात आजही कोरीच आहे.