नगरसेवकाची जागा रिक्त झाल्यास पुढे काय?

नगरसेवकाचे निधन, राजीनामा किंवा अपात्रता यांमुळे प्रभागातील जागा मुदतीपूर्वीच रिक्त होऊ शकते. नगराध्यक्ष वा महापौराचे पद रिकामे होते, तर कधी संपूर्ण सभागृहच अस्तित्वात नसते. या तिन्ही प्रसंगांचे नियम वेगवेगळे आहेत.

प्रभागातील जागा : ही जागा पोटनिवडणुकीने भरली जाते. मतदान केवळ त्या प्रभागात होते आणि विजयी उमेदवाराला उर्वरित कालावधीच मिळतो. घटनेच्या कलम २४३-झेडएनुसार या निवडणुका राज्य निवडणूक आयोगाच्या नियंत्रणाखाली होतात. भारताच्या निवडणूक आयोगाचा त्यांच्याशी संबंध नसतो. एका जागेसाठीची कालमर्यादा मात्र घटनेत नाही. ती बाब राज्याच्या कायद्यावर सोपवलेली आहे.

नगराध्यक्ष व महापौर : गोव्यातील नगरपालिकांत नगराध्यक्षाची आणि पणजी महापालिकेत महापौराची निवड नगरसेवक आपल्यातूनच करतात. त्यामुळे अविश्वास ठराव वा राजीनाम्याने पद रिक्त झाले, तरी जनतेचे मतदान होत नाही. इंदूरमध्ये २०२२ साली महापौर थेट मतदारांनी निवडला. तेथे हे पद भरण्याचा प्रश्न साऱ्या शहराचा ठरतो. बेळगावात सप्टेंबर २०२१ मध्ये नगरसेवक निवडून आले, पण महापौराची निवड फेब्रुवारी २०२३ मध्ये झाली.

संपूर्ण सभागृह : कलम २४३-यूनुसार पालिकेची मुदत पाच वर्षांची असून ती संपण्यापूर्वीच नवी निवडणूक पूर्ण व्हावी लागते. पालिका बरखास्त झाल्यास सहा महिन्यांत निवडणूक बंधनकारक आहे. मात्र उर्वरित मुदत सहा महिन्यांहून कमी असल्यास त्या काळापुरती निवडणूक घेण्याची आवश्यकता नसते. किशनसिंग तोमर विरुद्ध अहमदाबाद महापालिका या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने २००६ मध्ये ही पाच वर्षांची मर्यादा पाळण्यावर भर दिला. तरीही मुंबई महापालिकेची मुदत मार्च २०२२ मध्ये संपल्यावर तेथे प्रशासक आला आणि मतदान जानेवारी २०२६ मध्ये झाले.

प्रशासक कारभार चालवू शकतो, परंतु तो मतदारांना उत्तरदायी नसतो. म्हणूनच पद रिक्त झाल्यावर नागरिकांनी दोन प्रश्न विचारावेत : हे पद भरण्याचा अधिकार कोणाचा, आणि त्यासाठी कायद्याने कोणती मुदत घातली आहे?