टायरचं वायटूके

वायटूके काय होतं हे आयटीवाल्यांना सांगायला नको. वर्ष दोन आकड्यांत लिहायची काटकसर, शेवटी उडालेली धांदल आणि त्या धांदलीत आपल्या सीनियर मंडळींना मिळालेलं काम... कँटीनमध्ये हे सगळं ऐकून झालेलं असतं. पण तसलाच घोळ गाडीच्या टायरवरही होता, आणि तिथे तर वर्ष एकाच आकड्यात लिहायचे!

आधी टायरवर काय काय लिहिलेलं असतं ते बघू. जुन्या अल्टोचा टायर घ्या: १४५/८० आर१२ ७४टी. रुंदी १४५ मिलिमीटर. बाजूची उंची रुंदीच्या ८० टक्के, म्हणजे ११६ मिलिमीटर. आर म्हणजे रेडियल, १२ म्हणजे रिमचा व्यास, पण तो इंचात! ७४ हा भार-निर्देशांक, म्हणजे एका टायरवर जास्तीत जास्त ३७५ किलो. आणि टी म्हणजे ताशी १९० किमीपर्यंत चालेल (पुण्याच्या ट्रॅफिकमध्ये याची काळजी नको).

एकाच ओळीत मिलिमीटर आणि इंच कसे? तर हा इतिहासाचा गाळ आहे. पूर्वी सगळंच इंचात असायचं. अँबॅसेडरचा टायर ५.९०-१५, म्हणजे ५.९० इंच रुंद आणि १५ इंची रिम. मिशेलिनने १९४६ मध्ये रेडियल टायरचं पेटंट घेतलं, पुढे रुंदी मिलिमीटरमध्ये आली, पण रिम इंचातच राहिली. १९७५ मध्ये मिशेलिनने टीआरएक्स नावाचा टायर काढून रिमसुद्धा मिलिमीटरमध्ये आणून पाहिली, पण ते काही टिकलं नाही. बॅकवर्ड कंपॅटिबिलिटी, दुसरं काय!

आता खरी गोष्ट. अमेरिकेत १९७० च्या दशकाच्या सुरुवातीपासून प्रत्येक टायरवर 'डीओटी' या अक्षरांनंतर एक क्रमांक सक्तीचा झाला. पहिली अक्षरं कारखान्याची आणि शेवटचे तीन आकडे तारखेचे: दोन आठवड्याचे, एक वर्षाचा. म्हणजे ४०८ असेल तर चाळिसावा आठवडा, वर्ष ८ ने संपणारं. १९८८ की १९९८? टायर दहा वर्षं टिकणारच नाही, असं गृहीत धरलेलं. डिकीतल्या स्टेपनीचा विचार बहुधा कुणी केला नसावा. २००० पासून तारीख चार आकडी झाली, आणि त्याच वर्षी या क्रमांकाची खरी परीक्षा झाली.

फोर्डच्या एक्सप्लोरर गाड्यांवरचे फायरस्टोनचे टायर वेगात असताना फाटत होते. वरचा पट्टा सुटून यायचा आणि गाडी उलटायची. स्टेट फार्म या विमा कंपनीतल्या सॅम बॉयडेन या विश्लेषकाला दाव्यांच्या फायलींमध्ये अशी २१ प्रकरणं सापडली. त्याने १९९८ मध्येच सरकारी सुरक्षा खात्याला कळवलं. खात्याने अधिकृत चौकशी सुरू केली मे २००० मध्ये! ऑगस्टमध्ये फायरस्टोनने सुमारे ६५ लाख टायर परत बोलावले. खात्याच्या नोंदींप्रमाणे एकूण २७१ माणसं गेली.

दावे कारखान्यांप्रमाणे लावून पाहिल्यावर इलिनॉयमधल्या डिकेटरचं नाव ठळकपणे वर आलं. त्यामुळे वाइल्डरनेस एटी या मॉडेलचे फक्त तिथे बनलेले टायर परत बोलावले गेले. ग्राहकाने बघायचं एवढंच, की डीओटीनंतर 'व्हीडी' ही अक्षरं आहेत का. आपल्या भाषेत सांगायचं तर प्रायमरी की नीट होती, डेटाही होता; क्वेरी मात्र फार उशिरा टाकली गेली.

आणि यूआय? ते तर भयंकर होतं. क्रमांक टायरच्या एकाच बाजूला असला तरी नियमाला चालायचं. ती बाजू आत बसवलेली असेल तर घरच्या रस्त्यावर आडवं होऊन, गाडीखाली डोकं घालून, बॅटरीच्या उजेडात वाचायचं. टायर जीवघेणा आहे की नाही हे कळण्यासाठी!

नोव्हेंबर २००० मध्ये अमेरिकेत 'ट्रेड' कायदा झाला. त्यामुळे कंपन्यांना दावे आणि तक्रारींची माहिती आधीच सरकारला देणं भाग पडलं, आणि पुढच्या नियमांनी टायरच्या दुसऱ्या बाजूलाही निदान अर्धा क्रमांक आणला. डिकेटरचा कारखाना डिसेंबर २००१ मध्ये बंद झाला.

चार आकडी तारीख आता आपल्याकडच्या टायरवरही असते. ३५०७ म्हणजे २००७ चा पस्तिसावा आठवडा. जुनी गाडी घेताना आपण किलोमीटर बघतो, सीटकव्हर बघतो, म्युझिक सिस्टीम तर बघतोच. हे चार आकडेही बघा, आणि स्टेपनीचेसुद्धा. नक्षी नवीकोरी दिसली तरी रबर वयाने कडक होतं, त्याला भेगा पडतात.

बाकी वर्ष अजूनही दोनच आकड्यांत आहे म्हणा. २१०० साली पुन्हा कुणाला तरी काम मिळेल :)