रिकामा हात आणि बोधिमंड

खानदेशातील तालुक्याच्या गावांतूनही अलीकडे कराटेचे वर्ग भरू लागले आहेत आणि त्यांत आपल्या वस्त्यांतील मुले-मुली मोठ्या उत्साहाने जातात. तेथे एक कथा त्यांच्या कानी पडते. बोधिधर्म नावाचा भारतीय बौद्ध आचार्य चीनमधील शाओलिन विहारात गेला, ध्यानाने कृश झालेल्या भिक्षूंना त्याने व्यायाम शिकविला आणि त्यातूनच पुढे कराटे जन्मास आले, अशी ती कथा होय. बौद्ध मनास ती सुखावते, यात नवल नाही. परंतु तथागतांनी कालामांना दिलेला उपदेश शिरोधार्य मानणाऱ्यांनी सुखावणारी गोष्टही तपासून घेतली पाहिजे. प्रस्तुत लेखात आम्ही तेच करणार आहोत.

बोधिधर्माचा सर्वांत जुना उल्लेख इ. स. ५४७ च्या सुमारास लिहिलेल्या, लोयांग नगरीतील विहारांचे वर्णन करणाऱ्या चिनी ग्रंथात येतो. तेथे तो एका भव्य स्तूपाची स्तुती करणारा वृद्ध भिक्षू आहे. युद्धकलेचा त्यात शब्दही नाही. शाओलिन विहार स्थापन झाला तो पाचव्या शतकाच्या अखेरीस, बातुओ नावाच्या दुसऱ्याच भारतीय भिक्षूसाठी. बोधिधर्माच्या नावावर सांगितला जाणारा व्यायामग्रंथ तर सतराव्या शतकातील, म्हणजे सुमारे अकराशे वर्षांनंतरचा आहे. चिनी संशोधक तांग हाओ यांनी विसाव्या शतकाच्या पूर्वार्धातच ही कथा निराधार ठरविली. आणखी एक साक्ष खुद्द कराटेच्या घरातील आहे. ओकिनावा बेटावरील आचार्य आंको इतोसू यांनी १९०८ मध्ये लिहिलेल्या दहा सूत्रांच्या आरंभीच, ही विद्या बौद्ध अथवा कन्फ्यूशियन मतातून निघालेली नाही, असे स्पष्ट केले आहे.

पालि वाङ्मयाकडे वळलो तरी हाच निष्कर्ष निघतो. दीघनिकायातील ब्रह्मजालसुत्तात मुट्ठियुद्ध म्हणजे मुष्टियुद्ध आणि निब्बुद्ध म्हणजे कुस्ती यांचा समावेश श्रमणाने टाळावयाच्या प्रेक्षणीय खेळांत केला आहे. विनयपिटकात किटागिरी येथील अस्सजी-पुनब्बसुक भिक्षूंच्या गैरवर्तनाची जी लांबलचक यादी येते, तीत मुष्टियुद्धही आहे. रागाच्या भरात दुसऱ्या भिक्षूवर हात टाकणे, किंवा नुसता उगारणे, हाही पाचित्तिय दोष आहे. भिक्षुसंघ ही युद्धकलेची जन्मभूमी नव्हे, हे यावरून उघड होते.

मग कराटे आणि धम्म यांचा काहीच संबंध नाही काय? आमच्या मते आहे; मात्र तो वंशावळीचा नाही, शब्दाचा आणि आचाराचा आहे.

कराटे जेथे शिकविले जाते त्या जागेस जपानी भाषेत 'दोजो' म्हणतात. हा शब्द मूळ चिनी 'दाओचांग' असून, 'बोधिमंड' या संस्कृत शब्दाचे भाषांतर म्हणून तो चिनी बौद्ध ग्रंथांत रूढ झाला. कुमारजीवाने इ. स. ४०६ मध्ये भाषांतरित केलेल्या विमलकीर्तिनिर्देशात तो ठळकपणे भेटतो आणि ऋजू चित्त हेच बोधिमंड होय, असा विचार तेथे मांडलेला आहे. बोधिमंड म्हणजे ज्या स्थानी सिद्धार्थाने माराचा पराभव करून संबोधी मिळविली ते स्थान. हा प्रसंग पाहण्यास जपानला जावे लागत नाही. धरणगावाहून जळगाव आणि तेथून अजिंठा, एवढाच प्रवास पुरे. सव्विसाव्या लेण्यात मारसेनेची शस्त्रे, हत्ती आणि कोलाहल यांच्या मधोमध तथागत बसले आहेत आणि त्यांचा रिकामा उजवा हात भूमीला स्पर्श करीत आहे.

'कराटे' या शब्दाचा आजचा अर्थही 'रिकामा हात' असाच आहे. पूर्वी तो 'तांग हात', म्हणजे चिनी हात, या अर्थाच्या अक्षरांनी लिहिला जाई. गिचिन फुनाकोशी यांनी 'रिकामा' या अर्थाच्या अक्षराचा पुरस्कार केला आणि १९३५ च्या आपल्या ग्रंथात त्याची सांगड रूप व शून्यता यांच्या बौद्ध विचाराशी घातली. १९३६ मध्ये नाहा येथील आचार्यांच्या बैठकीतही हेच नाव स्वीकारले गेले. मात्र चीनविरोधी राष्ट्रवादाची लाट त्या काळी जपानमध्ये उसळली होती आणि या नामांतरास तिचाही हातभार लागला, हे इतिहासाच्या अभ्यासकाने दडवू नये.

फुनाकोशींचे चरित्र आमच्या वाचकांनी मुद्दाम ध्यानात घ्यावे असे आहे. १८६८ मध्ये ओकिनावातील शुरी येथे जन्मलेले हे गृहस्थ पेशाने शाळामास्तर होते आणि तीस वर्षांहून अधिक काळ त्यांनी शिकविले. त्यांचे र्‍युक्यू राज्य जपानने १८७९ मध्ये खालसा केले. जपानी लोक ओकिनावाच्या माणसांना हीन लेखीत. १९०३ मध्ये ओसाका येथील प्रदर्शनात ऐनू व तैवानी लोकांबरोबर ओकिनावाच्या माणसांनाही 'नमुने' म्हणून मांडले होते. अशा उपेक्षित समाजाची विद्या घेऊन फुनाकोशी १९२२ मध्ये टोकियोस गेले. उतारवयात एका विद्यार्थी-वसतिगृहात झाडलोट करून त्यांनी गुजराण केली आणि तेथेच विद्यार्थी घडविले. हाती झाडू असल्याने त्यांच्या आचार्यपणाला कमीपणा आला नाही.

योगायोग असा की, त्याच १९२२ च्या मार्चमध्ये क्योतो येथे बुराकू समाजाने 'सुइहेइशा' ही समतेची संघटना स्थापन केली. जपान बौद्ध देश म्हणवीत असला तरी जन्माने अस्पृश्य ठरविलेली माणसे तेथेही होती आणि अनेक विहारांनी मृतांना नावे देतानाही हा भेद पाळला होता. जपानकडून शिस्त घ्यावी, पण जपान म्हणजे धम्म असे मानू नये.

शिस्तीची गोष्टही तशीच आहे. कवायत कोणाच्या हाती आहे, यावर तिचे मोल ठरते. इतोसूंनी आपल्या सूत्रांत या विद्येची शिफारस करताना, ती शिकलेली मुले पुढे सैन्यास उपयोगी पडतील, असेही लिहिले होते. पुढे जपानी लष्करशाहीने शाळांतील शिस्तीचा कसा उपयोग केला, हे जगाने पाहिले. धरणगावालाही असा इतिहास आहे. १८२५ मध्ये कंपनी सरकारचा अधिकारी जेम्स औट्रम याने येथे भिल्ल पलटण उभारली आणि भिल्लांना कवायत शिकवून त्यांच्याच भाऊबंदांच्या बंदोबस्तास लावले. उलट १९२७ मध्ये बोधिसत्त्व डॉ. बाबासाहेब आंबेडकरांच्या प्रेरणेने उभे राहिलेले समता सैनिक दल पाहावे. तेथे शिस्त होती ती स्वतःच्या माणसांच्या रक्षणासाठी आणि स्वाभिमानासाठी. त्याच वर्षी २० मार्च रोजी महाड येथे सत्याग्रहींवर हल्ला झाला. त्यांच्यात लष्करात राहिलेले, प्रतिकारास समर्थ असे अनेक जण होते. पण बाबासाहेबांनी त्यांना आवरले आणि त्यांनी ऐकले. हात दुबळा असता तर त्या संयमास अर्थ उरला नसता. अहिंसा हा आंधळा नियम नसून तत्त्व आहे, असे बाबासाहेबांनी पुढे 'बुद्ध आणि त्यांचा धम्म' या ग्रंथात प्रतिपादिले. कराटेत पहिला प्रहार नसतो, हे फुनाकोशींचे सूत्र याच्या जवळ येते.

उरला प्रश्न शिक्षकाचा. अंगुत्तरनिकायात केसी नावाचा अश्वदमक भगवंतांना भेटतो. काही घोड्यांना सौम्यतेने, काहींना कठोरतेने, काहींना दोहोंनी वळवितो आणि कशानेच न वळणाऱ्याला ठार करतो, असे तो सांगतो. भगवंत म्हणतात की आपणही तसेच करतो. मात्र आपल्या विनयात ठार करणे म्हणजे त्या माणसाला बोलण्यास वा उपदेश करण्यास योग्य न मानणे. शिक्षकाने विद्यार्थ्याला टाकून देणे हा एक प्रकारचा वधच होय, हा यातील इशारा प्रत्येक वर्गशिक्षकाने मनावर कोरून घ्यावा. सिगालोवादसुत्तात आचार्याची पाच कर्तव्ये सांगितली आहेत: उत्तम वळण लावणे, नीट समजेल असे शिकविणे, सर्व विद्या हातचे न राखता देणे, मित्रपरिवारात शिष्याचे नाव काढणे आणि सर्व दिशांना त्याचे रक्षण करणे.

आमच्या वस्तीतील मुलगी मूठ वळण्यास शिकते तेव्हा तिला बोधिधर्माची कथा सांगण्याची गरज नाही. ती उभी आहे त्या जागेच्या नावाचा अर्थ तिला सांगावा आणि शिकविणाऱ्याने ही पाच कर्तव्ये पाळावीत. अंगण झाडलेले असावे, आरंभी व शेवटी एकमेकांस वंदन असावे आणि कोणाही मुलाला त्याच्या जातीवरून वा गरिबीवरून मागच्या रांगेत उभे करू नये. एवढे झाले तरी धरणगावातील एखादे पटांगणही बोधिमंड या नावास पात्र ठरेल.