मुखवट्याचा नायक आणि उघडे चेहरे

वाचकहो, काळा मुखवटा चढवून गरिबांचा कैवार घेणारा दूरचित्रवाणीवरचा नायक आणि त्याचीच टर उडवणारा सिनेमा, हा विषय साहित्याच्या व्याख्यानमालेत कशासाठी, असा प्रश्न आपल्या मनात येणे स्वाभाविक आहे. पण या नायकाचा इतिहास कॅलिफोर्नियात सुरू होतो, कोल्हापुरावरून जातो आणि आपल्या निपाणीच्या महामार्गाशी त्याची गाठ पडते. म्हणून तो येथे मांडतो आहे.

जॉन्स्टन मॅकली या अमेरिकन लेखकाने १९१९ साली एका साप्ताहिकातील कथेत झोरोला जन्म दिला. झोरो म्हणजे स्पॅनिश भाषेत कोल्हा. दिवसा तो डॉन डिएगो नावाचा आळशी, नाजूक, तलवारीला भिणारा जमीनदारपुत्र असतो आणि रात्री जुलमी अधिकाऱ्यांचा कर्दनकाळ होतो. १९२० मध्ये डग्लस फेअरबँक्सने त्याला पडद्यावर आणले, १९४० मध्ये रूबेन मामुलियन यांनी बोलपटात आणले आणि १९५७ ते १९५९ या काळात डिस्नेच्या मालिकेने तो अमेरिकेच्या घराघरांत पोचवला. गाय विल्यम्स हा त्या मालिकेचा नायक. तिच्यातला गोलमटोल सार्जंट गार्सिया पाहून मुले हसत. म्हणजे विनोद या कथेत मागाहून शिरलेला नाही. शूराने भित्र्याचे सोंग घेतले की हसू येणारच. ते कथेच्या मुळातच आहे.

हे वारे आपल्याकडे लवकर आले. कोल्हापूरच्या महाराष्ट्र फिल्म कंपनीत उमेदवारी केलेले मास्टर विठ्ठल पुढे ‘भारताचे डग्लस फेअरबँक्स’ म्हणून ओळखले गेले. १९३५ च्या ‘हंटरवाली’त नादियाने मुखवटा चढवला आणि हाती चाबूक घेतला. त्या काळात अशा चित्रपटांना गर्दी का होई? परकीय सत्तेविरुद्धचे बंड पडद्यावर सरळ दाखवता येत नव्हते. कोठल्यातरी काल्पनिक राज्यातला दुष्ट प्रधान आणि त्याला धडा शिकवणारा मुखवटाधारी मात्र दाखवता येई. प्रेक्षक काय समजायचे ते समजून घेत. प्रभात कंपनी कोल्हापुरात असताना व्ही. शांताराम यांनी शिवचरित्रावर काढलेल्या मूकपटाचे मूळ नाव ‘स्वराज्याचे तोरण’ असे होते. ते नाव परिनिरीक्षकांना चालले नाही, म्हणून १९३० मध्ये तो ‘उदयकाल’ या नावाने आला. नायकाला मुखवटा नव्हता. चित्रपटालाच तो घालावा लागला.

मुखवट्याची गरज कोठे पडते, हे यावरून ध्यानात येईल. जेथे चेहरा दाखवणे परवडत नाही, तेथे. जैनांतील स्थानकवासी साधूंची मुहपत्तीही तोंड झाकते, पण ती ओळख लपवत नाही. उलट तीच त्यांची ओळख असते. झोरोचा मुखवटा निराळा. तो भयातून येतो. नायकाच्या नव्हे, ज्यांच्यासाठी तो लढतो त्यांच्या भयातून.

याच काळात दुसरी एक वाट आखली जात होती. डिसेंबर १९२४ मध्ये बेळगावला काँग्रेसचे अधिवेशन भरले. महात्मा गांधी अध्यक्ष झाले ते याच एका अधिवेशनाचे. सत्याग्रहात लपवाछपवीला जागा नाही, ही त्यांची भूमिका प्रसिद्ध आहे. पुढे बेचाळीसच्या चळवळीत क्रांतिसिंह नाना पाटील आणि त्यांचे सहकारी साताऱ्यात भूमिगत राहून लढले, तेही आपल्याला वंदनीयच आहेत. पण त्यांना गावोगाव भाकरी आणि आसरा देणारे लोक होते, म्हणून ते भूमिगत राहू शकले. एकट्या घोडेस्वाराची ती कथा नव्हती.

आता १९८१ सालाकडे या. मार्च-एप्रिलमध्ये निपाणी भागातील तंबाखू उत्पादक शेतकरी शरद जोशी यांच्या नेतृत्वाखाली पुणे-बंगळूर महामार्गावर ठाण मांडून बसले. वर्षभर राबून पिकवलेल्या मालाचा भाव व्यापारी ठरवणार, हे त्यांना मान्य नव्हते. बायाबापड्या, म्हातारी माणसे, मराठी बोलणारे आणि कन्नड बोलणारे एकाच रस्त्यावर बसले. कोणी तोंड झाकले नव्हते. एप्रिलमध्ये पोलिसांच्या गोळीबारात शेतकऱ्यांचे प्राण गेले. उघड्या चेहऱ्याची किंमत ही अशी असते.

त्याच वर्षीच्या जुलैत अमेरिकेत ‘झोरो, द गे ब्लेड’ हा विनोदी चित्रपट प्रदर्शित झाला. मामुलियन यांना अर्पण केलेला हा चित्रपट पीटर मेडक यांनी दिग्दर्शित केला. डिएगो पाय दुखावून घरी बसतो आणि त्याचा नखरेल जुळा भाऊ रंगीबेरंगी पोशाखांत झोरो होऊन फिरतो. दोन्ही भूमिका जॉर्ज हॅमिल्टनच्या. त्या भावाच्या बायकीपणावरचे काही विनोद आज खटकतील. पण चित्रपटात शार्लट नावाची एक बाई आहे. ती मुखवटा न घालता भर चौकात उभी राहून जुलमाविरुद्ध बोलते. आणि शेवटी शेतकरी स्वतःच उठतात. निपाणी आणि हॉलिवूड यांचा एकमेकांशी काडीचाही संबंध नव्हता. तरी एकाच वर्षी दोन्हीकडे एकच गोष्ट दिसली: लोक स्वतः उभे राहिले की मुखवटेवाल्याचे मोठे काम संपते, त्याच्याकडे हसवण्याचे काम उरते.

२०११ च्या ‘द ग्रीन हॉर्नेट’नेही असाच उलगडा केला. १९६६-६७ च्या मूळ मालिकेत वृत्तपत्राचा मालक मुखवटा घालून गुन्हेगारांशी लढतो; त्याचा साथीदार केटो म्हणजे ब्रूस ली. हाँगकाँगमध्ये लोक त्या मालिकेला केटोच्याच नावाने ओळखत. विनोदी चित्रपटाने तेच उघड केले: मालक बडबड्या, खरी कामगिरी केटोची. मुखवट्याआड राबतो कोण, हा प्रश्न त्या हसण्याने विचारला.

आपल्या मराठीत महेश कोठारे यांच्या ‘धडाकेबाज’ने १९९० मध्ये तर बाजूच उलटवली. तेथे कवटीचा मुखवटा खलनायकाच्या तोंडावर आहे, आणि कवट्या महाकाळशी झुंजणारी माणसे आपल्यातलीच, लक्ष्मीकांत बेर्डे यांच्यासारखी हसवणारी. मराठी मुलांना मुखवट्याचे आकर्षण वाटले, पण तारणहार म्हणून त्यांनी उघडा चेहराच स्वीकारला.

म्हणून, वाचकहो, जुन्या नायकाची थट्टा झाली की ‘आमच्या दैवताची विटंबना’ म्हणून रागावू नये. थट्टा कोणाची चालली आहे, हे आधी पाहावे. दुबळ्याची असेल तर ती वाईटच. पण ‘कोणीतरी घोड्यावरून येईल आणि आपल्याला सोडवील’ या आशेची असेल, तर ती औषधासारखी आहे. सीमाभागात आपण दशकानुदशके कोणा ना कोणाची वाट पाहत आलो आहोत. निपाणीचे शेतकरी मात्र वाट पाहत बसले नाहीत. ते रस्त्यावर बसले. त्यांच्या चेहऱ्यांचा इतिहास आपल्या मुलांना कवट्या महाकाळइतका तरी ठाऊक असावा, हे काम आता आपले आहे.